घर राखायला कोण राहतें?

आमच्या सारंगखेड्याचें नांव वाचकांपैकीं पुष्कळांनीं घोड्यांच्या बाजारामुळें ऐकलें असेल. दोंडाईच्याहून शहाद्याकडे जातांना तापी ओलांडली कीं आमचें गांव लागतें. गांवांत एकमुखी दत्ताचें मंदिर आहे, आणि मार्गशीर्षी पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीला, येथें यात्रा भरते. एरवीं शांत असणारें हें गांव त्या दिवसांत ओळखूं येत नाहीं. मारवाडी, काठेवाडी, पांढरे शुभ्र नुकरे असे दूरदूरचे घोडे येतात, राहुट्या पडतात, पाळणे, खानावळी, शेतीच्या अवजारांचीं दुकानें यांनीं मैदान फुलून जातें. अलीकडे यात्रेला ‘चेतक महोत्सव’ असें नवें नांवही मिळालें असून घोड्यांच्या शर्यती व नाच पाहण्यासाठीं शहरांतली मंडळीही येऊं लागली आहेत.

अशा गांवच्या माणसानें अमेरिकेंतील बेसबॉलच्या क्रीडांगणाविषयीं लिहावें हें थोडें विचित्रच दिसेल. मी जन्मभर शाळामास्तर. खेळलों तो विटीदांडू आणि थोडासा हुतुतू. परंतु गेल्या उन्हाळ्यांत धाकट्या चिरंजीवांकडे गेलों असतां तेथें जें पाहिलें, त्यानें माझ्याच घरांतली एक गोष्ट मला दाखविली. ती सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून दहा माणसें आहेत. पांच वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, हातही बराचसा सुधारला. डावा पाय मात्र गेला तो गेलाच. घरांत चाकांची खुर्ची आली. सुनेनें, नातवंडांनीं तिचें करण्यांत कधीं कसूर केली नाहीं. मी स्वतः तिला रोज सकाळीं वर्तमानपत्र वाचून दाखवीं आणि आपण आदर्श पति आहोंत असें मनांतल्या मनांत समजत असें.

यात्रा आली कीं मात्र एक संभाषण दरवर्षीं नेमानें होई. मी म्हणें, “गर्दींत तुझे हाल होतील. तूं स्वस्थ बैस. मी प्रसाद घेऊन येतों.” ती म्हणे, “बरें आहे. नाहीं तरी घर राखायला कोणी तरी लागतेंच.” मग आम्ही नऊजण यात्रेला जात असूं आणि ती ओटीवर बसून राही. परत आल्यावर नातवंडें तिला घोड्यांच्या गोष्टी सांगत, ती हंसे, आणि विषय पुढच्या वर्षापर्यंत संपे. यांत कोणाचें कांहीं चुकलें असें आम्हां कोणालाच वाटत नव्हतें.

चिरंजीव सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका गांवांत राहतात. विमानप्रवास चाकांच्या खुर्चींतूनच, पण सुखरूप झाला. तेथें गेल्यावर आठ-दहा दिवसांनीं मुलानें बेसबॉलचा सामना पाहायला जाण्याचें ठरविलें. संवयीनें मी म्हटलें, “तुम्ही तिघें जाऊन या. आम्ही दोघें घर राखतों.” नऊ वर्षांची नात माझ्याकडे आश्चर्यानें पाहत म्हणाली, “आजोबा, घर कशाला राखायचें? आजीची जागा तर आधींच घेतली आहे.”

हें क्रीडांगण अगदीं खाडीच्या कांठावर आहे. २००० सालीं तें खुलें झालें. त्यापूर्वीं तेथील ‘जायंट्स’ हा संघ १९६० पासून १९९९ पर्यंत दुसऱ्या एका क्रीडांगणांत खेळत असे. तेथें खाडीवरून इतका बोचरा वारा येई कीं भर उन्हाळ्यांत लोक घोंगड्या पांघरून बसत. नव्या ठिकाणीं आधीं वाऱ्याचा अभ्यास केला आणि मग मैदानाचें तोंड कोणीकडे करावें तें ठरविलें. क्रीडांगणाचें नांव विकत घेण्याची तिकडे रीत असल्यामुळें पंचवीस-सव्वीस वर्षांत त्याचें चार वेळां बारसें झालें आहे. २०१९ पासून त्याला ‘ओरॅकल पार्क’ म्हणतात. सुमारें एकेचाळीस हजार माणसें आंत बसतात. दर्शनी भाग तांबड्या विटांचा, समोर ताडाचीं चोवीस झाडें आणि त्यांच्यामध्यें विली मेझ या थोर खेळाडूचा पुतळा. चोवीस हा त्याच्या अंगरख्यावरचा आंकडा. उजवीकडची भिंतही त्याच्याच मानार्थ चोवीस फूट उंच बांधली आहे.

खेळ थोडक्यांत सांगतों. एका बाजूला नऊ गडी, आणि नऊ डाव. क्रिकेटचें मैदान वाटोळें व खेळ मध्यभागीं. बेसबॉलचें मैदान उघडलेल्या पंख्यासारखें, आणि फलंदाज त्या पंख्याच्या मुठीपाशीं उभा. पळण्याच्या चार टप्प्यांमधील अंतर नव्वद-नव्वद फूट, तें सर्वत्र सारखें. परंतु पंख्याची बाहेरची कड कोठें असावी, भिंत किती उंच असावी, हें बरेंचसें ज्या त्या क्रीडांगणावर सोंपविलेलें असतें. म्हणून तिकडे दोन क्रीडांगणें एकसारखीं नसतात आणि लोक खेळाइतकेंच क्रीडांगणावरही प्रेम करतात. येथें उजवीकडे कडेला भिंत अवघ्या ३०९ फुटांवर आहे, आणि तिच्यापलीकडे लगेच पाणी. जोराचा टोला बसला कीं चेंडू थेट खाडींत! पाण्यांत लहान होड्या घेऊन लोक तो झेलायला टपून बसलेले असतात. यजमान संघाचे असे चेंडू किती गेले त्याची संख्या भिंतीवर मांडलेली असते. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हातीं लागेल त्याचा. तो परत मागत नाहींत. हें मला फार आवडलें.

डाव्या अंगाला एक भलामोठा चामडी हातमोजा उभारलेला आहे. तो जुन्या पद्धतीचा, चार बोटांचा. शेजारीं ऐशीं फूट लांबीची शीतपेयाची बाटली तिरपी ठेवली आहे, आणि तिच्या पोटांत मुलांसाठीं घसरगुंड्या! पलीकडे भाज्यांचा मळाही आहे. २०१४ पासून तेथें पालेभाज्या पिकवितात. लसूण घातलेल्या बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा वास सर्वत्र दरवळत असतो. त्या मींही खाल्ल्या. सूनबाईंनीं बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती, तीं दारावरच्या रखवालदारानें पाहून खुशाल आंत जाऊं दिलीं.

हें सारें फुकट नव्हे. तिकिटांना पडलेला पैसा ऐकून मला धडकीच भरली, आणि जिकडे पाहावें तिकडे जाहिराती. आमच्या यात्रेंत दत्ताच्या दारीं तिकीट नाहीं, याचा अभिमान मला त्या क्षणीं वाटला. पण तेथेंही एक गोष्ट पाहून मन निवलें. उजव्या भिंतीखालीं पाण्याच्या कडेनें लोकांच्या येण्याजाण्याची वाट आहे. त्या वाटेवर भिंतीला कमानी ठेवल्या असून त्यांच्या जाळींतून कोणाही वाटसरूला उभ्यानें तीन डावांपर्यंत सामना फुकट पाहतां येतो. मग मागच्याला जागा द्यावयाची. पैसे नसलेल्याच्या डोळ्यांचाही विचार बांधणारानें केला होता.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या जागा अगदीं वरच्या मजल्यावर होत्या. माझ्या मनांत धाकधूक. खुर्ची वर कशी जाणार? कोणी उचलावें लागेल, लोक पाहतील, ती संकोचेल. तसें कांहीं झालें नाहीं. पाळण्यांतून वर गेलों, सपाट वाटेनें चाललों, आणि रांगांच्या मागें एका उंचवट्यावर मोकळी सोडलेली जागा होती, तेथें तिची खुर्ची सरळ जाऊन बसली. शेजारीं लागून तीन खुर्च्या: एक माझी, एक मुलाची, एक नातीची. सूनबाई पुढच्या रांगेंत.

मीं मुलाला विचारलें, “ही सोय त्यांनीं खास आपल्यासाठीं केली काय?” तो म्हणाला, “नाहीं, बाबा. कायदाच आहे.” मग त्यानें सर्व सांगितलें. १९९० सालीं अमेरिकेंत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. तो सहजासहजीं झाला नाहीं. त्या वर्षीं १२ मार्चला वॉशिंग्टनच्या संसदभवनासमोर कित्येक अपंग स्त्रीपुरुषांनीं आपल्या खुर्च्या व कुबड्या बाजूला ठेवल्या आणि त्या उंच पायऱ्या सरपटत चढून दाखविल्या. जुलैच्या २६ तारखेला कायद्यावर सही झाली. त्याखालील नियमांप्रमाणें मोठ्या क्रीडांगणांत पहिल्या पांच हजार जागांमागें छत्तीस, आणि पुढें दर दोनशें जागांमागें एक, अशा चाकांच्या खुर्चीसाठीं जागा ठेवाव्या लागतात. म्हणजे एकेचाळीस हजारांस दोनशेंहून अधिक झाल्या. शिवाय त्या सर्व एका कोंपऱ्यांत कोंबून चालत नाहीं. निरनिराळ्या मजल्यांवर, निरनिराळ्या किंमतींत असाव्या लागतात. शेजारीं तीन सोबत्यांपर्यंत जागा मिळते. आणि पुढची माणसें उभीं राहण्याचा संभव असेल तेथें त्यांच्या डोक्यांवरून दिसेल इतकी ती जागा उंच असावी, असाही नियम आहे.

हा शेवटचा नियम ऐकून मी हंसलों. इतका बारीक विचार करणारे लोक मला जरा अतिरेकीच वाटले.

चौथ्या कीं पांचव्या डावांत यजमान संघाच्या गड्यानें असा टोला मारला कीं चेंडू उजवीकडे आभाळांत चढला. एका क्षणांत सारें क्रीडांगण उभें राहिलें. हजारों माणसें, एकच गर्जना. मींही उठलों. उठल्याबरोबर माझ्या मनांत चर्र झालें. सारे उभे, आणि ही एकटी बसलेली! चेंडू सोडून मीं तिच्याकडे पाहिलें. तिची नजर मैदानावर खिळलेली होती. उजव्या हाताची मूठ वळलेली, तोंड थोडें उघडें. पुढच्या लोकांचीं डोकीं तिच्या दृष्टीच्या बरींच खालीं होतीं. गर्जना ओसरली तेव्हां मीं विचारलें, “काय झालें?”

“भिंतीला लागून परत आला,” ती म्हणाली. “हातभर उंच जाता तर पाण्यांत पडला असता. तुम्हीं पाहिलें नाहीं?”

मीं पाहिलें नव्हतें. चाळीस हजारांत न पाहिलेला बहुधा मी एकटाच असेन.

सामना पावणेतीन तासांत आटपला. २०२३ पासून चेंडू टाकणारावर घड्याळाचा धाक ठेवल्यामुळें तो आतां लांबत नाहीं. यजमान हरले. शेवटीं शेवटीं समुद्रपक्ष्यांचे थवे उष्टेंमाष्टें वेंचायला मैदानावर घिरट्या घालूं लागले, आणि आम्ही आलों तसेच सरळ खालीं उतरलों.

त्या रात्रीं तिला झोंप येईना. मला वाटलें दगदग झाली. विचारलें तर म्हणाली, “दगदग नाहीं हो. पांच वर्षांनीं आज माझ्यासमोर कोणी आडवें आलें नाहीं.” थोड्या वेळानें म्हणाली, “यंदा मला घोडे दाखवाल?”

मीं संवयीनें तोंड उघडलें. गर्दी, धूळ, हाल हे सारे शब्द जिभेवर आले होते. पण तीच पुढें म्हणाली, “पाय गेला माझा. डोळे गेले नव्हते. तुम्हीं दरवर्षीं सांगत होतांत, येऊं नको म्हणून. येतेस का, असें एकदांही विचारलें नाहीं.”

या बोलण्यांत राग नव्हता, म्हणून तें अधिक लागलें. पन्नास वर्षांपूर्वीं नवी नवरी म्हणून ती या घरांत आली तेव्हां माझ्या आईनें पहिल्याच मार्गशीर्षांत तिला घोड्यांचा बाजार दाखविला होता. मारवाडी घोड्याच्या कानांचीं टोकें आंत वळून एकमेकांना भिडतात, हें तिनें त्या दिवशीं पाहिलें आणि घरीं येऊन पाटीवर त्याचें चित्र काढलें. तें चित्र पाहून आम्ही सारे हंसलों होतों. त्याच सुमारास, १९७५ च्या जानेवारींत, मुंबईच्या नव्या वानखेडे क्रीडांगणावर वेस्ट इंडीजबरोबर पहिला कसोटी सामना झाला, तो पाहायला मी व माझे चुलतबंधु गेलों होतों. तेव्हांही ती घरींच होती. तेव्हां तर तिचे दोन्ही पाय धडधाकट होते. म्हणजे अडचण पायांची नव्हती. तिला बरोबर न्यावें हा विचारच मनाला शिवत नव्हता. पक्षाघातानें मला फक्त एक चांगलेंसें कारण मिळवून दिलें होतें.

गांवीं परतल्यावर मीं विषय काढला. थोरले चिरंजीव म्हणाले, “बाबा, अमेरिकेची गोष्ट निराळी. येथें वाळू, धूळ, त्यांतून बिथरलेला घोडा अंगावर आला तर?” त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. आपल्याकडेही २०१६ सालीं दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला आहे आणि सार्वजनिक जागा त्यांना सुगम असाव्यात असें त्यांत सांगितलें आहे. पण कायदा वाळूवरून खुर्ची ढकलीत नाहीं. मार्ग काढला तो सूनबाईंनीं. म्हणाल्या, “पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर एखाद्या दिवशीं सकाळीं लवकर जाऊं. आणि खुर्ची जमिनीवरून नेऊंच नये. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत ठेवूं. उंचही होईल.” अमेरिकेंतल्या वास्तुविशारदांना जो नियम लिहावा लागला, तो आमच्या सूनबाईंना चुलीपुढें बसल्या बसल्या सुचला.

माडीवरच्या दोन जुन्या फळ्या काढून उतार केला. पहिल्या खेपेला एक फळी सरकली, खुर्ची कलली, आणि ती घाबरून किंचाळली. मी म्हटलें, “राहूं दे, परत जाऊं.” ती म्हणाली, “आतां नाहीं.” फळीखालीं विटा लावल्या, चौघांनीं धरलें, आणि खुर्ची वर गेली. चाकांना दोरानें जखडलें. मैदानाच्या कडेला, दोरीबाहेर, ट्रॉली उभी केली. आजूबाजूचे लोक पाहत होते. पण तिला त्याचें भान नव्हतें.

थंडी चांगलीच होती. एकेक घोडा समोरून जाऊं लागला. रेवाल चालीचा एक घोडा असा गेला कीं स्वाराच्या हातांतलें पाणी हिंदकळूं नये. ती नातवंडांना सांगत होती, हा मारवाडी, तो काठेवाडी, याचे कान पाहा. पांच वर्षें तीं तिला सांगत होतीं. आज ती त्यांना सांगत होती. एका व्यापाऱ्यानें तिचें बोलणें ऐकलें असावें. त्यानें आपली घोडी ट्रॉलीपाशीं आणून उभी केली, आणि हिनें तिच्या कपाळावर उजवा हात ठेवला.

सगळेंच साधलें असें नाहीं. मंदिरापाशीं दाटी इतकी कीं खुर्ची पुढें नेतां येईना. कळसाला हात जोडून परतावें लागलें, आणि तिला त्याची रुखरुख आहे. पुढील वर्षीं शर्यतीच्या कडेला म्हाताऱ्या व अधू माणसांसाठीं फळ्यांचा एक उंच मंच आणि मंदिराकडे जाणारी एक सपाट वाट व्हावी, अशी विनंती आम्हीं गल्लींतल्या मंडळींनीं मिळून करावयाची ठरविली आहे. कारण तिला ट्रॉलींत पाहिल्यानंतर आमच्या एकट्या गल्लींतून तिघींचे निरोप आले, “पुढच्या खेपेला आम्हांलाही घ्या.” या तिघी आजवर कोठें होत्या? आपापल्या घरीं, ओटीवर, घर राखीत.

वाचकांच्या घरींही लग्नाला, नाटकाला, यात्रेला निघतांना कोणी तरी मागें राहत असेल. त्या माणसानें “मला नाहीं यायचें” असें म्हटलें असेल, तर तें त्याला विचारल्यावर म्हटलें कीं न विचारतां, एवढें एकदां आठवून पाहावें.

शेवटीं एक गंमत सांगतों. त्या दिवशीं आम्ही दहाहीजण निघालों आणि दारापाशीं येऊन थबकलों. वाड्याला बाहेरून कुलूप लावावयाचें होतें. पांच वर्षांत तशी वेळच आली नव्हती, त्यामुळें कुलूप कोठें आहे हें कोणालाच ठाऊक नव्हतें. तें शोधण्यांत अर्धा तास गेला. अखेर तें सांपडलें देवघरांतल्या फडताळांत, आणि तेथें असेल असें तिनेंच सांगितलें, ट्रॉलींत बसल्या बसल्या.